हवा, पाणी आणि तलावांतील मासळी

मासा पाण्यात राहतो हे सांगावयास पंडिताची गरज नाही. परंतु पाणी कोणाच्या ताब्यात राहते, असे वर्गात विचारिले म्हणजे मुले एकमेकांकडे पाहू लागतात. पाणी हवेच्या ताब्यात राहते. ऊन त्यास तापविते, थंडी त्यास जड करिते, वारा त्यास ढवळतो, पाऊस त्यात भर घालितो आणि सोबत माती आणितो. मनुष्यास ऊन लागले तर तो झाडाखाली जातो, पाऊस लागला तर घरात शिरतो. माशास झाड, घर, छत्री सर्व काही ते पाणीच. यास्तव आभाळात जो फेरबदल होतो तो थोड्याच अवकाशात माशाच्या श्वासात, भुकेत व हालचालीत उतरतो, आणि पुढे तो भोयाच्या जाळ्यात व सायंकाळी बाजारातील पाटीत दिसू लागतो. एकाच ठिकाणी, एकाच मनुष्याने, तेच जाळे टाकिले असता आज पाटी भरते आणि उद्या जाळे धुऊन वाळत घालण्याखेरीज काम उरत नाही. यास लोक नशीब म्हणतात. नशिबाचा अंश त्यात असेलही. परंतु पुष्कळसा भाग उष्णतामापकाने, घड्याळाने आणि उघड्या डोळ्यांनी समजण्याजोगा आहे. तेवढाच आम्ही येथे सांगणार आहो.

प्रथम आपल्या पाण्याची ओळख करून घेऊ. सोलापूर जिल्हा हा पर्जन्यछायेतील प्रदेश. वर्षाकाठी पाऊस सुमारे पाचशे ते सातशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. कोकणात आषाढ-श्रावणात आभाळ फाटते, त्या वेळी आपल्याकडे नुसते ढग धावत असतात. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा व हस्त या नक्षत्रांत येतो. अशा मुलखात निसर्गाने सरोवर दिले नाही. जे आहे ते मनुष्याने बांध घालून केलेले आहे. शहरातील सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानाने खोदविला अशी परंपरा आहे. तुळजापूरच्या रस्त्यावरील हिप्परग्याचा तलाव, ज्यास सरकारी दप्तरात एकरुख तलाव म्हणतात, तो अधिला नदीवर बांध घालून १८७१ साली पुरा झाला. आणि ज्याच्यापुढे हे दोन्ही केवळ थेंब ठरावे तो उजनीचा जलाशय भीमेवर १९८० साली सिद्ध झाला. त्याची सर्व धारणशक्ती सुमारे ११७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. ११७ ने गुणण्याचे काम आम्ही सातवीच्या वर्गावर सोपवितो.

या तिन्ही पाण्यांचा स्वभाव एक नाही. सिद्धेश्वर तलाव लहान, उथळ, चोहोंकडून वस्तीने वेढलेला. हिप्परगा पसरट, वाऱ्यास मोकळा, आणि पाऊस रुसला की तळ दाखविणारा. उजनी धरणाजवळ खोल, तर वर भिगवणकडे उथळ व गाळाची. शिवाय उजनीस दोन हवामाने आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिच्यावर ऊन सोलापूरचे पडते, पण तिच्यात पाणी मावळचे येते. जुलै-ऑगस्टात आपल्या शिवारात धूळ उडत असता सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, वरची धरणे भरून वाहू लागतात आणि दौंडवरून भीमेचा लोंढा उजनीत शिरतो. म्हणून जलाशयातील माशांचा पावसाळा आपल्या पंचांगाने सुरू होत नाही. तो दौंडच्या विसर्गाने सुरू होतो. वर्तमानपत्रात रोज छापून येणारा तो आकडा शेतकरी जितक्या आस्थेने वाचितो तितक्याच आस्थेने मच्छीमारही वाचितो.

आता मुख्य विषय, माशाचा श्वास. मासा पाणी तोंडाने घेतो व कल्ल्यांवाटे सोडितो. जाता जाता पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतील रक्त शोषून घेते. पाण्याच्या रेणूतील प्राणवायू त्याच्या उपयोगी पडत नाही. हवेतून पाण्यात मिसळलेला, अथवा पाणवनस्पतींनी उन्हात सोडलेला, तेवढाच त्याच्या वाट्यास येतो. हा वाटा किती तुटपुंजा आहे पाहा. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, पाणी २० अंश सेल्सिअस असता, फार तर नऊ मिलिग्रॅम मावतो. आणि पाणी ३० अंशांपर्यंत तापले की सुमारे साडेसात. म्हणजे पाणी जसजसे तापते तसतसा त्यातील प्राणवायू निघून जातो. चहाचे आधण उकळण्यापूर्वी भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात, ते त्या पाण्यातून हाकलल्या गेलेल्या हवेचेच होत.

येथे माशाची दुहेरी अडचण होते. मासा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या अंगाचे उष्णमान भोवतालच्या पाण्याइतके असते. पाणी दहा अंशांनी तापले तर त्याच्या देहातील व्यापार जवळजवळ दुप्पट वेगाने चालू लागतात, आणि त्यास प्राणवायूही तितकाच अधिक लागतो. पुरवठा सहाव्या हिश्श्याने घटावा आणि मागणी दुपटीने वाढावी, अशी ही महागाई होय. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा उथळ पाण्यातील रोहू व कटला दुपारी चारा घेत नाहीत, कडेस फिरकत नाहीत, खोल व तुलनेने थंड जागा धरून निश्चल राहतात. दुपारी बारा वाजता गळ टाकून बसणाऱ्या मुलास मासा मिळत नाही तो यामुळे. मासा उपाशी आहे पण जेवण पचविण्याइतका श्वास त्याच्यापाशी नाही. उन्हाळ्यात सकाळचा व सायंकाळचा प्रहर मासेमारीस बरा, आणि हिवाळ्यात याच्या उलट, पाणी किंचित ऊबदार झाल्यावरचा दुपारचा. थंडीविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही. आपली थंडी माशास आळशी करिते, मारीत नाही.

परंतु प्राणवायूचा हिशेब दिवसभर एकसारखा राहत नाही. तलावातील हिरवे पाणी म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा सागर. सूर्यप्रकाशात हे शेवाळ प्राणवायू सोडिते. यामुळे दुपारनंतर तीन-चारच्या सुमारास पाण्यात तो सर्वांत अधिक असतो. सूर्य मावळला की कारखाना बंद पडतो, परंतु शेवाळ स्वतः श्वास घेतच राहते, मासे घेतात, तळाच्या गाळातील कुजण्याची क्रिया घेते. रात्रभर खर्च, जमा काही नाही. यामुळे सूर्योदयापूर्वीची घटका माशांस सर्वांत कठीण. पाणी जितके अधिक हिरवे तितकी दुपारची श्रीमंती मोठी, आणि पहाटेचे दारिद्र्यही मोठे. पुणे-पिंपरीकडील सांडपाणी नदीवाटे उजनीत येऊन मिसळते, त्यातील नत्र व स्फुरद ही द्रव्ये शेवाळास खताप्रमाणे लागू पडतात. म्हणून उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी हिरवेगार झालेले दिसते. हिरवा रंग शेतात शुभ असतो. पाण्यात तो नेहमीच तसा नसतो.

पाण्यातील प्राणवायू लिटरमागे तीन मिलिग्रॅमांच्या खाली गेला की रोहू, कटला, मृगळ हे मासे अस्वस्थ होतात. ते पृष्ठभागाशी येऊन आ वासतात व वरच्या पातळ थरातील पाणी, जे हवेस लागून असते, ते ओढू पाहतात. पहाटे तलावाच्या काठी शेकडो तोंडे उघडमीट करीत असलेली दिसतात ती यामुळे. बघणाऱ्यास वाटते, मासळीचा काय सुकाळ! फेकजाळे टाकणाऱ्यास त्या वेळी मासे मिळतातही, कारण ते पळू शकत नाहीत. पण गळास एकही लागणार नाही. जो श्वासासाठी धडपडतो त्यास आमिषाचे काय?

मरळ आणि मागूर यांची गोष्ट निराळी. या माशांस कल्ल्यांखेरीज हवा घेण्याची एक स्वतंत्र सोय डोक्यात असते. मरळ दर थोड्या वेळाने वर येऊन तोंडभर हवा घेऊन जाते, आणि तिला वर येऊ दिले नाही तर ती चांगल्या पाण्यातही गुदमरून मरते. म्हणून तलाव आटून नुसती चिखलाची डबकी उरली असता त्यांत जिवंत सापडावयाची ती मरळच. बाजारात ओल्या पाटीत तासन् तास वळवळत राहणारी हीच, आणि तिला अधिक दाम पडतो त्याचे एक कारण हेही असावे.

आता ज्या प्रकाराने लोक सर्वांत अधिक घाबरतात तो सांगतो. उन्हाळ्याच्या अखेरीस एखादे दिवशी वळवाची जोरदार सर येते, अथवा दोन-तीन दिवस आभाळ गच्च भरून राहते, आणि सकाळी तलावाच्या काठास मेलेल्या माशांचा खच पडलेला असतो. लागलीच बोलवा उठते की कोणी विष घातले. कारण बहुधा याहून साधे असते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. दोघांची मिसळ होत नाही. वरच्या थरास हवा व प्रकाश मिळतो. खालच्या थरास दोन्ही मिळत नाहीत. तेथे पाने, विष्ठा, मेलेले शेवाळ कुजत राहते, प्राणवायू संपतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठतो. इतक्यात पावसाचे गार पाणी वरून पडते. ते जड असल्यामुळे खाली बुडते आणि तळाचे सडके पाणी वर लोटिते. वादळी वारा ढवळण्याचे काम पुरे करितो. एका रात्रीत सर्व तलाव श्वास घेण्यास अयोग्य होतो. आभाळ भरलेले असले तर शेवाळाचा कारखानाही बंद असतो, मग तर विचारावयास नको. उथळ आणि घाण साचलेल्या शहरी तलावांत हा प्रकार विशेष घडतो.

विष की श्वासरोध, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. प्राणवायूच्या अभावी मासे बहुधा पहाटे मरतात. मोठे आधी मरतात, कारण त्यांची गरज मोठी. त्यांची तोंडे उघडी व कल्ले पसरलेले असतात. आणि मरळ-मागूर मात्र जिवंत फिरत असतात. विषारी द्रव्याने मासे कोणत्याही वेळी मरतात, लहानमोठे एकदम मरतात, आणि झिंगे व पाणकिडेही वाचत नाहीत. कोणावर आळ घेण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे. असले मेलेले मासे, कारण काहीही असो, खाऊ नयेत आणि कोणी स्वस्तात देऊ केले तरी घरी आणू नयेत, हे आम्ही पालकांस आग्रहाने सांगतो.

पहिल्या पुराचे गढूळ पाणी मात्र निराळ्या कामाचे आहे. त्यात शेतांतील गांडुळे, किडे, धान्याचे कण वाहत येतात आणि ओढ्याच्या मुखाशी मासे चरावयास जमतात. गढुळामुळे जाळ्याचे धागे माशास दिसत नाहीत. यामुळे उभे जाळे लावणाऱ्यास हे दिवस लाभतात. जे डोळ्याने भक्ष्य शोधितात अशा माशांसाठी गळ लावणाऱ्याचे मात्र नुकसान होते. गढूळपणा फार वाढला तर बारीक माती कल्ल्यांवर बसते व मासे कडेच्या निवळ पाण्याकडे सरतात. जाणता भोई म्हणून लोंढ्याच्या मध्यात जाळे टाकीत नाही. गढूळ व निवळ पाण्याची जेथे सीमा दिसते तेथे टाकितो.

पुराचा याहून थोर परिणाम प्रजोत्पादनावर होतो. रोहू, कटला व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, धष्टपुष्ट होतात, पण अंडी घालीत नाहीत. त्यांस वाहते, चढते, पावसाचे पाणी लागते. असे पाणी आले की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात व बुडालेल्या कुरणांत अंडी सोडितात. पाऊस चुकला तर ती पिढीच चुकली. या अडचणीवर आपल्याच देशातील शास्त्रज्ञाने तोड काढिली. डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात १० जुलै १९५७ रोजी माशाच्या मस्तकातील एका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालविण्यात यश मिळविले. आज आपल्या तलावांत जी बोटाएवढी पिले, ज्यांस बोटुकली म्हणतात, सोडिली जातात ती याच युक्तीची संतती; आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळितात. परंतु बोटुकली सोडावयाची तीही हवा पाहूनच. डब्यातील पाणी व तलावातील पाणी यांच्या उष्णमानात अंतर असले तर पिले धक्क्याने मरतात. म्हणून ती सकाळी गारव्यात, पिशवी काही वेळ तलावात तरंगत ठेवून, मग सोडावी लागतात.

उजनीत आज ज्या माशाचे राज्य आहे त्यास पुराची पर्वा नाही. तो म्हणजे चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतील. हिंदुस्थानात १९५२ साली आणिला गेला. तो साचलेल्या पाण्यात, वर्षातून अनेक वेळा वितो. नर उथळ तळाशी परातीसारखा खळगा करितो, आणि मादी अंडी तोंडात घेऊन पिले बाहेर पडेपर्यंत बाळगिते. प्राणवायू कमी असला तरी तो तगतो, हिरवे पाणी त्यास मानवते. हवा व पाणी बिघडले की ज्यास ते सोसते त्याचीच वंशवेल वाढते, याचे उदाहरण भिगवणच्या बाजारात रोज तराजूवर तोलले जाते. गरिबास स्वस्त मासा मिळाला हे खरे, आणि आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. पण कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने कित्येक जातींस शास्त्रीय नाव देताना येथील लोकांच्या तोंडचेच शब्द घेतले. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावात आजही 'सींघाला' आहे, आणि दख्खनच्या महाशीराच्या नावात 'खुद्री'. जगातील सर्व विद्यापीठांत हे मराठी शब्द उच्चारिले जातात. ते मासे भीमेत मुबलक राहिले पाहिजेत असे ज्यास वाटते, त्यास सांडपाण्याचा विचार करावाच लागेल.

पाण्याची पातळी ही स्वतंत्र बाब आहे. आपल्या हवेत उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी जवळजवळ दोन मीटर उंचीचे पाणी वाफ होऊन उडते. शिवाय कालवे, शहरांचे नळ आणि पंढरपूरकडे नदीत सोडावयाचे पाणी. उजनीच्या ११७ टीएमसीपैकी सुमारे ६४ टीएमसी हा मृत साठा आणि सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा धरिला आहे. पातळी मृत साठ्याच्या खाली गेली की वर्तमानपत्रे 'वजा' टक्के छापितात. २०१९ व २०२४ या दोन्ही साली उन्हाळ्यात ही संख्या वजा साठाच्या जवळ गेली. याचा अर्थ धरणात काही उरले नाही असा नव्हे. ५४ चे साठ टक्के म्हणजे सुमारे ३२, ते ६४ मधून वजा करावे, म्हणजे ३२ टीएमसी उरले, आणि त्यातही गाळाचा वाटा आहे. अशा वर्षी पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येते व लोक गाड्या करून ते पाहावयास जातात.

त्याच दिवसांत मासळी भरपूर सापडते. हा सुकाळ फसवा आहे. जे मासे शंभर एकरांत पसरले होते ते दहा एकरांत कोंडले गेले, म्हणून जाळ्यात अधिक येतात; माशांची संख्या तिळभरही वाढलेली नसते. शिवाय पातळी झपाट्याने उतरली तर चिलापीचे खळगे उघडे पडतात, आणि कडेच्या गवतात वाढणारी पिले डबक्यांत अडकून कावळे-बगळ्यांच्या तोंडी जातात. अशा वेळी बारीक आसाचे जाळे ओढून बोटाएवढी पिलेही काढिली तर पुढील दोन वर्षे काय धरणार? धरणामुळे ज्यांची जमीन पाण्याखाली गेली अशा कित्येक घरांचा चरितार्थ आज याच पाण्यावर आहे; लहान पोराची फी व वह्या याच पाटीतून निघतात. त्यांस 'बारीक मासा सोडा' असे सांगणे सोपे, आणि चूल पेटलेली नसता तो सोडणे कठीण, हे आम्ही जाणतो. म्हणून हा भार एकट्या मच्छीमारावर न टाकिता बाजारात बारीक पिले विकत घेणाऱ्याने अर्धा उचलावा.

येथे एका समजुतीचा परामर्श घेऊ. हौशी लोक म्हणतात की वायुभारमापकाचा पारा उतरला म्हणजे माशास हवेचा दाब कळतो व तो चारा घेणे सोडितो. हिशेब करून पाहावा. दहा मीटर पाण्याचा दाब हा सर्व वातावरणाच्या दाबाइतका असतो. आपल्याकडील वादळी दिवशी वातावरणाचा दाब हजारांत चार-पाच भागांनी हलतो. म्हणजे चार-पाच सेंटिमीटर पाण्याइतका. मासा वीतभर वरखाली झाला तर याहून चौपट फरक त्यास सोसावा लागतो, आणि तो तर दिवसभर वरखाली होत असतो. तेव्हा नुसत्या दाबावर खापर फोडणे आम्हांस पटत नाही. पारा उतरतो तेव्हा ढग येतात, प्रकाश घटतो, वारा फिरतो, पाणी निवते; माशाच्या वागणुकीत फरक पडतो तो यांमुळे असणे अधिक संभवते. सोबतीने येणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, हा धडा पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाबाहेरही उपयोगी आहे.

चांदण्याविषयीची समजूत मात्र बऱ्याच अंशी खरी. शुक्लपक्षात, विशेषतः पौर्णिमेस, निवळ पाण्यात जाळे चमकते व मासे त्यास टाळितात. अंधाऱ्या रात्री तेच जाळे भरते. या संबंधी शास्त्रपाठाच्या तासाला शिकलेली एक कथा आठवावी. गालीलचा समुद्र हा नावाचा समुद्र. वस्तुतः ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे एकवीस किलोमीटर लांब, आणि समुद्रसपाटीहून दोनशे मीटरांपेक्षा खाली. तेथे शिमोन पेत्राने रात्रभर कष्ट करूनही काही हाती लागले नव्हते, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. तो रात्री का राबत होता? त्या काळची जाळी तागाच्या जातीच्या सुताची, दिवसा स्वच्छ पाण्यात माशास दिसणारी. म्हणून कोळी रात्री जात व सकाळी जाळी धूत. प्रभूच्या शब्दावरून त्याने दिवसा, खोल पाण्यात जाळे टाकिले, यातील श्रद्धा किती होती हे कोळ्याच्या धंद्याची माहिती असल्यावरच पुरते समजते. त्या सरोवरात 'संत पेत्राचा मासा' म्हणून जो प्रसिद्ध आहे, तोही पिले तोंडात बाळगणारा, आमच्या चिलापीचा जवळचा भाऊबंद होय. त्यास थंडी सोसत नाही. हिवाळ्यात तो वायव्य काठच्या ऊन झऱ्यांपाशी गोळा होतो, आणि तेथील कोळ्यांस हे प्राचीन काळापासून ठाऊक आहे.

राहता राहिला वारा. वारा वाहतो त्या दिशेच्या काठाकडे पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव ढकलले जातात, त्यांच्यामागे लहान मासे व त्यांच्यामागे मोठे जातात. शिवाय लाटांनी त्या बाजूच्या पाण्यात हवा अधिक मिसळते. म्हणून पश्चिमेचा वारा दोन दिवस टिकून राहिला तर पूर्वेच्या काठास जाळे लावावे. मंद वारा मासेमारीचा मित्रच आहे. परंतु वळवाचा वारा निराळा. एप्रिल-मेच्या दुपारी उंच काळा ढग तयार होतो, त्यातील गार, जड हवा एकाएकी जमिनीवर कोसळते व पाऊस पोहोचण्याच्या अगोदर वावटळीसारखी पुढे धावते. उजनीच्या मोकळ्या पाटावर तिला अडविणारे झाड नाही की टेकडी नाही. काही मिनिटांत आखूड, उभ्या लाटा उठतात व त्या लहान होडीस आडव्या लागतात. गालीलच्या सरोवरातही भोवतालच्या उंच पठारावरून हवा अशीच खाली घसरते व एकाएकी वादळ होते. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवाशांची होडी अशाच वादळात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती, आणि एकच मनुष्य पोहून काठास लागला.

ज्या विद्यार्थ्यांची घरे पाण्यालगत आहेत, अथवा जे सुटीत मामाच्या गावी होडीत बसतात, त्यांनी इतके लक्षात ठेवावे. वळवाच्या दिवसांत पाण्यावरचे काम सकाळी उरकावे. दुपारनंतर पश्चिमेस फुलकोबीसारखा ढग चढू लागला, अथवा उकडत असता एकाएकी गार झुळूक आली, तर काठ गाठावा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे. जितके येतील तितके किलोमीटर वीज दूर आहे. दहा आले तरी पाण्यात राहू नये, कारण मोकळ्या जलाशयावर होडीतील मनुष्याहून उंच दुसरे काही नसते. होडीत जितकी माणसे तितके तरंगणारे अंगरखे असले पाहिजेत, आणि ते अंगात असले पाहिजेत. फळीखाली ठेविलेला अंगरखा होडी उलटल्यावर सापडत नाही. जाळे पाण्यातच राहिले तरी चालेल. ते दुसऱ्या दिवशी सकाळी काढिता येते.